अलास्काची बंदरे : कोणती घ्यावीत, कोणती सोडावीत

समुद्रपर्यटनाचा बेत ठरतो तेव्हा बहुतेक घरांत आधी जहाज पसंत केले जाते आणि बंदरांची नावे मागाहून वाचली जातात. जहाजाचे छायाचित्र देखणे असते, त्यावरची घसरगुंडी नातवंडांना भुरळ घालते, भाडे हिशेबात बसते. बंदरे मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत उरतात. सिंगापूरच्या किंवा मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या सफरीत हा क्रम चालून जातो, कारण तेथे जहाज हीच सहल असते. अलास्काच्या बाबतीत तो उलटा करावा लागतो. इतक्या दूर माणूस जातो तो हिमनद्या, अरण्य आणि देवमासे पाहण्यासाठी. ते किती दिसतील आणि किती वेळ दिसतील, हे जहाजाच्या मजल्यांवरून नव्हे, तर त्याच्या मार्गावरून ठरते.

यात चूक परवडण्यासारखी नसते. व्यापारी कुटुंब निघते तेव्हा तीन पिढ्यांची सात-आठ माणसे निघतात. पेढी पंधरा दिवस भावाच्या अथवा मुनीमजींच्या हाती सोपवावी लागते. विमानभाडे धरून होणारा खर्च एखाद्या बऱ्यापैकी मोटारीच्या किमतीला भिडतो. सत्तरीच्या घरातील आजी-आजोबांसाठी तर ही सफर बहुधा एकदाच घडायची. एवढे करून पाऊस, सराफी दुकाने आणि बुफेच्या रांगा पाहून परत येणे कोणालाच आवडणार नाही.

ज्या भागात ही जहाजे फिरतात तो अलास्काचा आग्नेय पट्टा म्हणजे बेटे, खाड्या आणि सरळ समुद्रात उतरणारे डोंगर यांची दाटी आहे. बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या या जलमार्गाला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात. येथील बहुतेक गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. जूनो हे राज्याच्या राजधानीचे शहर. तेथेही विमानाने किंवा पाण्यानेच पोहोचता येते. त्यामुळे या मुलखात जहाज ही चैन नसून प्रवासाचे स्वाभाविक साधन आहे, आणि म्हणूनच बंदर निवडणे म्हणजे तो मुलूख कोणत्या दारांनी पाहायचा हे निवडणे होय.

पहिला निर्णय चढण्याच्या बंदराचा. सात रात्रींच्या सफरी सिॲटलहून निघून सिॲटलला परततात, व्हँकूव्हरहून निघून व्हँकूव्हरला परततात, किंवा व्हँकूव्हर आणि उत्तरेकडील व्हिटियर अथवा स्यूअर्ड यांच्यामध्ये एकेरी चालतात. सिॲटलचे आकर्षण उघड आहे : अमेरिकेचे मोठे शहर, विमानांची सोय, बहुधा कमी भाडे. परंतु सिॲटलची जहाजे सामान्यतः व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून उत्तरेकडे जातात. पहिला आणि शेवटचा असे दोन दिवस लाटांवर झोके घेण्यात जातात, आणि ज्यांना घाटातल्या बसमध्ये मळमळते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. व्हँकूव्हरहून निघणारे जहाज बेटाच्या आतल्या, निवाऱ्याच्या बाजूने जाते. पाणी शांत असते आणि दोन्ही तीरांवरचे अरण्य पहिल्याच सकाळपासून दिसू लागते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर हा फरक भाड्यातील फरकापेक्षा मोठा ठरतो.

सिॲटलच्या सफरींत कॅनडातील व्हिक्टोरिया हे बंदर हटकून असते आणि बहुधा संध्याकाळी उशिरा असते. त्यामागे पर्यटनापेक्षा कायदा अधिक आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी नौका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये एखादे परकी बंदर न घेता, त्याच देशात उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजे बहुतांशी बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा ध्वजांखाली चालतात. म्हणून नियमपूर्तीसाठी व्हिक्टोरिया. तेथील बुचार्ट उद्यान सुंदर आहे, पण रात्री आठ ते बारा या वेळात जहाज लागणार असेल तर त्या बंदराला यादीत पूर्ण गुण देऊ नयेत. ते हजेरीपटावरील सहीसारखे आहे.

याच कायद्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला दोन व्हिसे लागतात. व्हिक्टोरियाच्या धक्क्यावर उतरायचे नसले तरी जहाज कॅनडाच्या हद्दीत जाते, तेव्हा अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा हाती असावाच. व्हँकूव्हरहून निघून तेथेच परतायचे असेल तर तो अनेक प्रवेशांचा असावा. अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्यास किती काळ लागेल याचा भरवसा नसतो. म्हणून भाड्याची पूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख आणि व्हिसा हाती येण्याचा संभाव्य दिवस हे दोन्ही एका कागदावर लिहूनच पुढे जावे. अनामत परत मिळणार की नाही, हे तिकीट विकणारा आपण होऊन सांगेलच असे नाही.

दुसरा निर्णय बर्फाचा, आणि तोच खरा महत्त्वाचा. वेळापत्रकात ज्या दिवशी कोणतेही गाव नसते, केवळ एखाद्या उपसागराचे नाव आणि त्यापुढे ‘निसर्गदर्शन’ अशा अर्थाचा शब्द असतो, तो दिवस अनेकांना रिकामा वाटतो. वास्तविक सबंध सफरीचे मोल त्या दिवसात साठवलेले असते.

या दिवसांत अग्रमान ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाचा. तेथे दिवसाला फार तर दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. जहाज धक्क्याला लागत नाही. उद्यानाचे वनरक्षक छोट्या नावेतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. जहाज तासन् तास उपसागरात आत शिरत जाते आणि मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर थांबते. पाण्यावर तिची भिंत सुमारे ७५ मीटर उंच आहे, रुंदी सुमारे दीड किलोमीटर. कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आधी ते दिसते आणि मग तोफेसारखा आवाज येतो. या उपसागराचा इतिहासही विलक्षण आहे. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेने हा किनारा पाहिला तेव्हा येथे उपसागर जवळपास नव्हताच. बर्फाने तो तोंडापर्यंत भरलेला होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे सरला होता. जेथे आज जहाज चालते तेथे सव्वादोन शतकांपूर्वी घन बर्फ होता, हे डोळ्यांसमोर असताना नातवंडांना भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही.

प्रवेशपरवाने मर्यादित असल्याने प्रत्येक कंपनीचे जहाज तेथे जात नाही. हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन या कंपन्यांची अनेक जहाजे जातात, पण त्यांचीही सगळी नाहीत. त्यामुळे नेमक्या तारखेचा नेमका मार्ग तपासावा. ग्लेशियर बे न मिळाल्यास हबर्ड हिमनदी हा दुय्यम म्हणता येणार नाही असा पर्याय आहे. सुमारे १२२ किलोमीटर लांबीची ही उत्तर अमेरिकेतील समुद्राला मिळणारी सर्वांत लांब हिमनदी. तिचे मुख सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे, आणि बाकीच्या हिमनद्या आखडत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फ्योर्डचे तोंड काही काळ बंदच करून टाकले होते. मात्र तिच्यापुढे तरंगते हिमखंड दाटलेले असले तर जहाज दुरूनच वळते. ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या दोन अरुंद खाड्यांतील दृश्य अतिशय रम्य, पण मोठे जहाज शेवटपर्यंत जाऊ शकेल याची खात्री कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्ममध्ये प्रचंड दरड समुद्रात कोसळून मोठी लाट उसळली होती. तेव्हा या खाडीचे नाव वेळापत्रकात दिसल्यास सध्याचा मार्ग कोणता, हे कंपनीला विचारून घ्यावे.

बर्फाचा दिवस निश्चित झाला की मग गावे.

व्यापारी घराण्यातील माणसाने एकच बंदर निवडायचे ठरवले तर ते स्कॅगवे असावे. बाराशेच्या आसपास वस्तीचे हे गाव आज लाकडी फूटपाथ आणि जुन्या दर्शनी भिंतींमुळे चित्रपटाच्या देखाव्यासारखे दिसते. पण येथे जे घडले ते बाजारपेठेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आहे. ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोने सापडले. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन ‘पोर्टलंड’ हे जहाज सिॲटलला लागले आणि लोकांची झोप उडाली. सुमारे एक लाख माणसे निघाली असे मानतात; त्यांतील तीस-चाळीस हजार प्रत्यक्ष पोहोचली, आणि ज्यांना सोने म्हणण्याजोगे सोने मिळाले ती अवघी चार हजारांच्या घरात. चांगल्या जागा तर गर्दी पोहोचण्याआधीच गेलेल्या होत्या.

मग पैसा कोणी मिळवला? कॅनडाच्या पोलिसांनी सीमेवर नियम घातला होता की वर्षभराचा शिधा जवळ असल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही. अवजारांसह हे ओझे माणशी सुमारे एक टन भरे. पीठ, डाळी, साखर, तंबू, फावडी, लोकरीचे कपडे, दोरखंड. हे सगळे विकणारे सिॲटलचे दुकानदार, माल वाहणारे गलबतवाले आणि खाणावळी चालवणारे यांची भरभराट झाली. जॉन नॉर्डस्ट्रॉम नावाचा एक स्वीडिश तरुण क्लोंडाइकहून सुमारे १३,००० डॉलर घेऊन परतला आणि त्याने ते पुन्हा खाणीत घातले नाहीत. १९०१ मध्ये एका भागीदारासह सिॲटलला जोड्यांचे दुकान काढले. आज त्या नावाची दुकाने अमेरिकेत सर्वत्र आहेत. भांडवल कोठे लावावे याचा हा धडा कोणत्याही वाणिज्य महाविद्यालयाच्या पुस्तकापेक्षा स्वच्छ आहे.

स्कॅगवेहून व्हाइट पास अँड युकॉन रूट ही तीन फुटी रुळांची रेल्वे डोंगर चढते. १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये मार्ग पुरा झाला, तोवर सोन्याची लाट ओसरलीही होती. सुमारे ३२ किलोमीटरांत गाडी ८७० मीटरहून अधिक चढते. लाकडी डबे, शेगडी, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, जाऊन-येऊन सुमारे तीन तास. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही बसल्या जागी सगळे दिसते. जाताना डाव्या हाताच्या खिडकीजवळची आसने मिळाल्यास दऱ्या अधिक दिसतात. वरच्या टोकाशी प्रवासी बाजू बदलतात, त्यामुळे वाद घालण्याचे कारण नाही. वाटेत एका घळीचे नाव ‘डेड हॉर्स गल्च’, म्हणजे मेलेल्या घोड्यांची घळ, असे आहे. १८९७-९८ च्या हिवाळ्यात सोन्याकडे धावणाऱ्यांनी लादलेल्या ओझ्याखाली या वाटेवर सुमारे ३,००० घोडे आणि खेचरे मेली. मार्गदर्शक ही गोष्ट दोन वाक्यांत सांगून पुढच्या धबधब्याकडे वळतो. आजोबांनी ती नातवंडांना अंमळ सावकाश सांगावी.

जूनो टाळता येत नाही आणि टाळूही नये, पण तेथे काय करायचे ते आधी ठरवून उतरावे. शहराची वस्ती सुमारे ३२,०००. गर्दीच्या दिवशी जहाजांतून पंधरा-वीस हजार माणसे उतरतात. नागरिकांच्या तक्रारींनंतर २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे अशी मर्यादा शहराने क्रूझ कंपन्यांशी करार करून घातली आहे. आपल्या तारखेला एकूण किती जहाजे असतील हे बंदराच्या वेळापत्रकात आधीच कळते. दोन समान सफरींत निवड करायची असेल तर कमी जहाजांचा दिवस घ्यावा. जूनोपासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. ती वेगाने मागे सरते आहे, तरी समोरचे सरोवर, त्यातील निळसर हिमखंड आणि बाजूचा नगेट धबधबा पाहण्यासारखे आहेत. धबधब्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन तीन-सव्वातीन किलोमीटर, जवळजवळ सपाट. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याची सहल माणशी शेकडो डॉलरांची असते आणि ढग उतरले की रद्द होते. तरुण जोडप्याने अवश्य करावी, सबंध कुटुंबाने करण्याचे कारण नाही. देवमाशांसाठी मात्र जूनोच. उन्हाळ्यात हंपबॅक जातीचे देवमासे हवाईच्या समुद्रातून येथे येतात आणि ऑक बे येथून निघणाऱ्या नावांतून त्यांचे दर्शन बहुधा होतेच. उघड्या होडीपेक्षा काचेच्या बंद कक्षाची नाव निवडावी. वारा बोचरा असतो.

केचिकान म्हणजे पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे मुंबईच्या दीडपट, आणि चार महिन्यांत नव्हे तर बारा महिने. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे. हे गाव स्वतःला सामन माशांची राजधानी म्हणवते, आणि तेथील पुष्कळशा सहली मासेमारी, मत्स्यभोजन किंवा डबाबंद मासळीच्या कारखान्यांभोवती बेतलेल्या असतात. त्या आपल्या घरांच्या कामाच्या नाहीत. परंतु स्थानिक आदिवासींचे टोटेम स्तंभ पाहण्यास याहून चांगले ठिकाण नाही. गावापासून चार किलोमीटरवरील सॅक्समन येथे एक स्तंभ आहे, त्याजवळ हिशेबी माणसाने आवर्जून थांबावे. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरांना अलास्का विकत घेणारा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड, पदावरून उतरल्यावर १८६९ मध्ये येथे आला. ट्लिंगिट जमातीच्या प्रमुखाने त्याला मेजवानी दिली, भेटी दिल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे अशा सत्काराची परतफेड करणे बंधनकारक असे. स्यूअर्डने ती केली नाही. तेव्हा जमातीने एक स्तंभ उभारून त्याच्या माथ्यावर स्यूअर्डची मूर्ती बसवली आणि कंजूषपणाची खूण म्हणून तिचे नाक-कान लाल रंगवले. तो स्तंभ जीर्ण झाल्यावर दुसरा केला गेला, आणि २०१७ मध्ये पुन्हा नवा कोरून उभारला. थकबाकीची नोंद दीडशे वर्षे चालू ठेवणारी ही खातेवही आहे. मुदतबाह्य कर्ज ही कल्पना त्या जमातीस मान्य दिसत नाही. वाचकांनी एवढे मात्र पाहावे की जहाज गावाच्या धक्क्याला लागणार की उत्तरेकडील वॉर्ड कोव्हला. तेथून गावात बसने यावे लागते आणि तासभर त्यातच जातो.

सिटका हे रशियन काळातील राजधानीचे गाव कमी सफरींत असते. मिळाल्यास ते व्हिक्टोरियाऐवजी नव्हे, तर केचिकानऐवजी घ्यावे की काय, असा विचार करण्याइतके चांगले आहे. १८ ऑक्टोबर १८६७ रोजी रशियाचा ध्वज उतरवून अमेरिकेचा चढवला गेला तो येथील टेकडीवर. रशियन येथवर आले ते समुद्री ऊदमांजराच्या मऊ कातडीसाठी. चीनच्या बाजारात तिला मोठा भाव होता. हावेने शिकार इतकी झाली की प्राणी नामशेष होत आला, त्याबरोबर व्यापारही बसला, आणि साम्राज्याला तो मुलूख विकणे सोयीचे वाटू लागले. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर शिकार थांबली. आज सिटकाच्या खाडीत हे प्राणी पाठीवर तरंगताना दिसतात, आणि त्यांना पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात.

आइसी स्ट्रेट पॉइंट हे हूना या छोट्या ट्लिंगिट गावाजवळचे, त्याच समाजाच्या कंपनीने २००४ पासून चालवलेले बंदर. देवमासे, अरण्यातील पायवाटा, तारेवरून घसरण्याचा थरार. आणि खर्च केलेला पैसा स्थानिकांच्या हाती जातो हे समाधान. बाजारहाट करू इच्छिणाऱ्यांना मात्र ते सुने वाटेल.

बाजारहाटाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. या बंदरांत धक्क्याला लागून सराफी दुकानांच्या रांगा आहेत. पुष्कळशी उन्हाळ्यापुरती उघडतात आणि शेवटचे जहाज गेले की फळ्या लावतात. जहाजावर एक जाणकार व्याख्यान देतो आणि ‘शिफारस केलेल्या’ दुकानांचा नकाशा वाटतो. ही शिफारस दुकानांनी पैसे देऊन मिळवलेली असते. झवेरी बाजारात किंवा ऑपेरा हाउसला ज्यांची उठबस आहे त्यांनी टँझानाइटसाठी अलास्कापर्यंत जाण्याची गरज नाही. स्थानिक मालकीच्या दुकानांवर तशी पाटी असते.

बंदरांची संख्या मोजण्यापेक्षा तास मोजावेत. पाच बंदरे प्रत्येकी पाच तास, यापेक्षा तीन बंदरे प्रत्येकी दहा तास ही सफर कितीतरी सरस. उतरण्यास अर्धा तास जातो, आणि निघण्याच्या अर्धा तास आधी परतावे लागते. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. बाहेरून स्वस्तात घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. म्हणून रेल्वे किंवा देवमाशांची सहल बाहेरून घ्यायची तर ती सकाळचीच घ्यावी. घड्याळाचाही घोटाळा होतो : अलास्काची वेळ व्हँकूव्हर-सिॲटलपेक्षा एक तास मागे आहे, आणि जहाज कोणती वेळ पाळते ते रोजच्या पत्रकात छापलेले असते.

धक्का गावाला लागून आहे की नाही, ही बाब आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाची. या गावांत कंदमूळवर्ज्य जेवण मिळणे जवळपास अशक्य. स्कॅगवे, जूनो आणि केचिकानच्या मुख्य धक्क्यावरून दुपारी जहाजावर परतून जेवता येते आणि पुन्हा उतरता येते; वॉर्ड कोव्ह किंवा सिटकाहून, जेथे धक्का गावापासून आठ किलोमीटरवर आहे, ते जिकिरीचे होते. जैन भोजनाची मागणी तिकीट काढतानाच लेखी द्यावी आणि पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावी. बुफेतील सूपचा मूळ रस, चीजमधील रेनेट, गोड पदार्थांतील जिलेटिन आणि अंडे यांविषयी नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने उलगडा होत नाही; शब्दाशब्दाने विचारावे. खाखरा, भाजके चणे, सुका नाश्ता बंद पाकिटांत न्यावा आणि अमेरिकेत उतरताना अर्जात तो नमूद करावा. ताजी फळे-भाज्या नेऊ नयेत. विजेची किटली अथवा शेगडी जहाजावर जप्त होते.

चौविहाराची चिंता मात्र करू नये. तेथे सूर्यच सोय करतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जूनोला सूर्यास्त रात्री दहानंतर होतो, त्यामुळे आठची पंगतही निर्वेध. उलट सूर्योदय पहाटे चारच्या आधी. खिडकीचे पडदे जाड असावेत. सप्टेंबरच्या मध्यास सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचची पंगत मागून घ्यावी लागेल. तसेही चातुर्मास आणि पर्युषण पाहता बहुतेक घरांना मेअखेर ते जूनमध्य हाच काळ सोयीचा, आणि योगायोगाने तोच तुलनेने कोरडा आहे. ओढ्यांत मासे धरणारी अस्वले पाहायची तर जुलै-ऑगस्ट लागतो. ते दृश्य न पाहिल्याने आपल्या मंडळींचे काही बिघडणार नाही.

खर्चाच्या बाजूला छापील भाडे हा एक रकाना झाला. त्यावर बंदरशुल्क आणि कर, रोज माणशी सोळा ते वीस डॉलरांच्या आसपास सेवाशुल्क, किनाऱ्यावरच्या सहली, आणि एक दिवस आधी पोहोचण्याचे हॉटेल. विमान चुकले तर जहाज थांबत नाही, म्हणून तो आधीचा दिवस कधीही वाचवू नये. परदेशी सहलीच्या रकमेवर प्रवासकंपनी मुळातून कर जमा करून घेते. तो आयकर विवरणात वळता करून मिळतो, म्हणून ज्याच्या नावे पावती त्याच्याच पॅनवर ती हवी, आणि दर अर्थसंकल्पानुसार बदलत असल्याने लेखापालाला विचारावे. वैद्यकीय विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च अंतर्भूत असावा. रस्ता नसलेल्या मुलखात रुग्णवाहिका म्हणजे तेच.

तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी या सगळ्याचा ताळा मांडला तर व्हँकूव्हरहून निघून तेथेच परतणारी, ग्लेशियर बे असलेली, स्कॅगवे, जूनो आणि केचिकान येथे दीर्घकाळ थांबणारी जून महिन्यातील सफर सर्वांत भरवशाची दिसते. ज्यांना देनाली पर्वताकडेही जायचे आहे त्यांनी एकेरी मार्ग घेऊन पुढे रेल्वेने जावे. पण ६,१९० मीटरचा तो पर्वत बहुतेक दिवस ढगांत असतो, आणि तेथे घालवलेले चार दिवस व चार हॉटेले आजी-आजोबांना झेपतील का, हे त्यांनाच विचारावे.

पैसे भरण्यापूर्वी तिकिटाच्या करारातील एक कलम वाचून घ्यावे : हवामान किंवा अन्य कारणांनी कोणतेही बंदर वगळण्याचा अथवा बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, आणि त्यासाठी भरपाई देय नसते. सामान्यतः त्या बंदराचे शुल्क तेवढे प्रवाशाच्या खात्यावर परत जमा होते. ते झाले की नाही, हे उतरण्याच्या आदल्या रात्री केबिनच्या हिशेबात पाहावे. उतरल्यावर पाठपुरावा करणे अवघड.